दिसतंय-का अंकल

इनास अंकलने कुणाला ‘कसा आहेस?’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. तो विचारायचा, ‘दिसतंय का?’ फोन लागला की हेच. चर्चच्या फाटकात भेटला तरी सवयीने हेच. एकदा केळीच्या वाडीत पाय घसरून पाटात पडला. आम्ही उचलायला धावलो, तर पडल्यापडल्या म्हणतो, ‘दिसतंय का रे कुठे, माझा चष्मा?’ गावातल्या पोरांनी त्याचं नावच दिसतंय-का अंकल ठेवलं होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. आमच्याकडे अंकल म्हणायचं आणि बोलायचं मात्र एकेरीत. त्यात अपमान नसतो. अपमान करायच्या आमच्या गावाच्या रीती वेगळ्या आहेत, त्या पुढे येतीलच.

आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, वाड्यांमधलं. घरटी एक माणूस परदेशात. कुणी आखातात, कुणी कॅनडात, कुणाची मुलगी आयर्लंडला नर्स. मी स्वतः मस्कतला एसीच्या कामावर होतो. मागे म्हातारी माणसं, नारळ, विहिरी आणि कुलपं. इनास अंकल मात्र कुठे गेला नाही. माणिकपूरला स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करत त्याचं अर्धं आयुष्य गेलं. नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येतात, ते तो करायचा. मग मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला आणि अंकल त्याचा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी आला.

लॉकडाउनमध्ये चर्चला कुलूप लागलं तेव्हा गावाला त्याची आठवण झाली. फादर एकटेच मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, करणार आणि लोकांनी घरी बसून बघायची, तर ती दाखवणार कोण? अंकलने कॉम्प्युटर पुन्हा रिक्षात घातला आणि वेदीमागच्या खोलीत नेऊन मांडला. तेव्हा सगळे त्याला देवदूत म्हणत होते. ‘इनास नसता तर आपलं काय झालं असतं!’ असं म्हणताना आमच्या चर्चच्या समितीच्या अध्यक्षांचे डोळे भरून आलेले मी मस्कतहून माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. डोळे भरून आणणं त्यांना चांगलं जमतं.

लॉकडाउन संपलं, पण लाइव्ह राहिलं. लग्नापेक्षा मयताला जास्त. पोरांना रजा मिळत नाही, तिकीट मिळत नाही, व्हिसा अडकलेला असतो. मग इथे मयताची घंटा वाजली की तिकडे लोक लॅपटॉप उघडून बसतात. आम्हा बाहेरच्यांची ही रीतच होऊन गेली. कामावरून तासाभराची सुट्टी घ्यायची, दार लावायचं, आणि आपल्या माणसाला वीतभर पडद्यावर बघायचं. ज्याच्यावर ही पाळी आली नाही त्याला हे विचित्र वाटेल. वाटू दे.

अंकलचा एकच नियम होता. शवपेटीचं झाकण लावायची वेळ आली की कॅमेरा चेहऱ्यावर, आणि बाहेर असलेल्या प्रत्येकाला फोन. कोणाचा कोण कुठे आहे हे त्याला तोंडपाठ. ‘मेल्विन, दिसतंय का? कपाळ दिसतंय का? ग्लोरिया, तुला?’ सगळ्यांनी होय म्हटलं की तो वेदीमागच्या खोलीतून डोकं बाहेर काढून मान हलवायचा, आणि मगच झाकण लागायचं. फादरांनाही ते माहीत होतं, तेही त्या मानेकडे बघत उभे राहायचे. मयताच्या कामाचे पैसे त्याने कुणाकडून घेतले नाहीत. ‘लग्नात नाचतात, तिथे दे,’ म्हणायचा.

याच नियमापायी त्याने अध्यक्षांना दुखावलं. एका मोठ्या घरच्या मयतात अध्यक्षांनी भाषण केलं. चांगलं लांबलचक केलं, आणि अंकलने भाषणभर कॅमेरा पेटीवरून हलवला नाही. अध्यक्षांच्या मुलाने ऑस्ट्रेलियाहून वडिलांना विचारलं, ‘पप्पा, तुम्ही होतात कुठे?’ झालं! दुसऱ्या दिवशी अंकलला बोलावणं. अंकल म्हणाला, ‘भाषण ऐकायचं असतं ना साहेब, त्यात बघायचं काय?’ तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि अध्यक्षांना झोंबलं ते तेच.

या सगळ्याचा जीव होता एका कार्डात. कॉम्प्युटरच्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड असतं. पडद्यावरचं चित्र ते काढतं, आणि तीन-तीन कॅमेऱ्यांचं चित्र जुळवून इंटरनेटवर सोडायचं अवजड कामही अंकलकडे तेच करायचं. अंकलचं कार्ड स्टुडिओतलं, जुनं. त्याला तो ‘म्हातारी’ म्हणायचा. ‘आज म्हातारीला बरं नाही’ म्हटलं की मोनिका आंटी, त्याची बायको, कपाळावर हात मारून घ्यायची. ‘माझे गुडघे दुखतात ते याला दिसत नाही. त्या पत्र्याला शिंक आली की दिसतं!’

म्हातारी आधी कुरकुरली. पडद्यावर हिरवे ठिपके आले. मग फादरांच्या झग्यावर गुलाबी चौकोन. एका रविवारी मिस्सेच्या मध्यावर फादर अख्खे निळे झाले आणि कतारहून एका बाईचा फोन आला, ‘अहो, फादरांना काही चावलंय का?’ गाव आठवडाभर हसलं. अंकल नाही हसला. त्याने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजू उघडून घरातला टेबलफॅन आणून म्हातारीसमोर लावला. कार्ड खाचेत बसतं त्या त्याच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर घासलं. पंख्यात अडकलेली धूळ रंगाच्या ब्रशने काढली. चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला, म्हणजे कार्डावर ताण कमी. ‘जुन्या माणसाला जड उचलायला लावत नाहीत,’ म्हणाला. ‘लोकांना फुलांच्या पाकळ्या मोजायच्या नाहीत. माणूस ओळखता आला की पुरे.’

कार्ड वजनाने खाली झुकायला लागलं होतं. त्याला खालून काहीतरी टेकू हवा होता. माझी आई तेव्हा रोज संध्याकाळी चर्चमध्ये फुलं बदलायला जायची. तिने हा सगळा खटाटोप पाहिला आणि घरून संत अंतोनीचा बोटभर पुतळा आणून दिला. ‘हरवलेलं शोधून देणारा संत आहे हा. तुझं चित्र हरवतं ना सारखं? उभा कर त्याला खाली.’ अंकलने खरंच उभा केला. उंची बरोबर जमली. त्यानंतर कॅबिनेटमध्ये डोकावलं की दिसायचं ते हे: जाड काळं कार्ड, आणि ते डोक्यावर तोलून उभा असलेला बिचारा संत अंतोनी. आई मला फोनवर सांगून सांगून हसायची.

मग ते नाताळातलं प्रकरण. म्हातारीने एक दिवस डोळेच मिटले. पडदा काळा. अंकल ते कार्ड घेऊन माणिकपूरच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, ‘हे म्युझियममध्ये ठेवा.’ अंकल घरी आला आणि इंटरनेटवर वाचत बसला. तिथे कुणी लिहिलं होतं की कार्डातले धातूचे बारीक टाके तडकतात, आणि कार्ड भट्टीत शेकलं तर ते टाके वितळून पुन्हा बसतात. आता हे वाचून दुसरा कुणी गप्प झोपला असता. पण आमच्याकडे नाताळाच्या आदल्या दिवसांत घरोघरचे केकचे ट्रे बेकरीच्या भट्टीत जातात. आंटीचे ट्रे न्यायचं काम अंकलकडेच होतं. त्याने कार्डाचा पंखा काढला, प्लास्टिक काढलं, उरलेलं चांदीच्या कागदात गुंडाळलं आणि केकबरोबर घेऊन गेला.

लोक म्हणतात तसं त्याने ते केकच्या मध्ये ठेवलं नव्हतं, हे मला इथे ठणकावून सांगायचंय. सगळ्या गावाचे केक निघून गेल्यावर, निवत्या भट्टीत त्याने तो ट्रे सरकवला. बेकरीवाल्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘इनासभाई, ये कौनसा केक है?’ अंकल म्हणाला, ‘बिना अंडे का.’ कार्ड शेकलं, थंड झालं, पुन्हा बसवलं, आणि म्हातारीने डोळे उघडले! नाताळची मिस्सा साऱ्या जगाने बघितली. पण बेकरीवाल्याने ती गोष्ट चवीने सांगितली, आणि नव्या वर्षापर्यंत गावातल्या प्रत्येक करपलेल्या केकचं खापर अंकलवर फुटलं. आंटीने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने तिच्या बहिणीचा, नंदाखाल गावच्या मार्थाबाईचा, करपलेला केक सगळ्यांसमोर बसून खाऊन दाखवला तेव्हा कुठे ती बोलली.

शेकलेलं कार्ड फार टिकत नाही, हे त्याने त्याच लेखात वाचलं होतं. म्हणून तो समितीकडे गेला. नवीन घ्या म्हणाला. नवीन नको, कुणाचं वापरलेलं बघा. अध्यक्ष म्हणाले, ‘चालतंय ना? मग कशाला?’ पुढच्या बैठकीत पुन्हा गेला. ‘चालतंय ना, इनास?’ त्याच बैठकीत चर्चच्या मनोऱ्यावर रंगीत दिवे सोडायचं ठरलं. आज जांभळे, उद्या हिरवे. गेलात तर बघा, अजून लागतात. अंकल घरी येऊन आंटीला म्हणाला, ‘बाहेरून रंग दिसले की यांना पुरतं.’

आणि मग माझी आई गेली.

सकाळी फुलं काढायला वाडीत गेली आणि तिथेच बसली. माझी बहीण लीना तिच्याजवळ राहायची, तिचा फोन आला तेव्हा मी एका इमारतीच्या गच्चीवर होतो. माझा व्हिसा तेव्हा बदलत होता. पासपोर्ट कचेरीत जमा. मी गेलो, रडलो, हातापाया पडलो. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. पासपोर्ट कधी सुटेल ते कुणी सांगेना. मीच लीनाला म्हटलं, आईला बर्फात ठेवू नका. तिला थंडी सोसायची नाही.

अंकलचा फोन आला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने ‘दिसतंय का’ विचारलं नाही. म्हणाला, ‘विल्सन, मी आहे.’

खोलीतले दोघेजण कामावर न जाता माझ्याबरोबर बसले. चित्र आलं. चर्च, लोक, माझी बहीण. मिस्सा झाली. मग कॅमेरा आईकडे वळला, तिचा चेहरा जवळ यायला लागला, आणि तिच्या कपाळावर एक हिरवा चौकोन उमटला. मग गालावर. मग सगळा चेहरा गुलाबी पट्ट्यांनी चिरला आणि पडदा काळा झाला. काळा म्हणजे काळा. त्या काळ्या काचेत माझंच तोंड दिसत होतं मला.

फोन वाजला. ‘दिसतंय का?’

‘नाही अंकल. गेलं.’

‘थांब.’

पुढचं मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. अंकल वेदीमागच्या खोलीतून धावत बाहेर आला असणार, कारण त्याची धाप ऐकू येत होती. आणि तो ओरडला. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस चर्चच्या मध्यावर ओरडला, ‘झाकण लावू नका!’ त्याने मोबाइलचा व्हिडिओ चालू केला, पण आत एवढी माणसं, एवढे फोन, नेटवर्क कुठून मिळायला? मला एक लाल धब्बा दिसत होता, तो आईच्या लुगड्याचा होता. ‘दिसतंय का?’ नाही. ‘आता?’ नाही अंकल. मागून अध्यक्षांचा आवाज आला, ‘इनास, पुरे. मयताचा तमाशा करू नकोस. फादरांना पुढे जायचंय.’ कुणीतरी म्हणालं, ‘नंतर फोटो पाठवा की त्याला.’ झाकण धरून उभ्या असलेल्या माणसांनी ते उचललं, आणि अंकलने मोकळा हात पेटीच्या काठावर ठेवला. हे मला लीनाने सांगितलं. झाकण लावलं असतं तर बोटं चेचली असती. मला ऐकू आलं ते एवढंच, ‘मुलगा बघतोय. त्याला दिसेपर्यंत थांबायचं.’

आणि थांबले सगळे. कुरकुरत, घसे खाकरत, पण थांबले. मग तो धब्बा हळूहळू निवळला आणि मला माझी आई दिसली. लहानपणी झावळी पडून भुवईजवळ लागलेली तिची खूण दिसली. हातातली जपमाळ दिसली. मी तिच्याशी बोललो. काय बोललो ते माझं मला. अंकलने फोन एकाच हाताने धरला होता, चित्र हलत होतं, म्हणून ती हलल्यासारखी वाटत होती. मग मीच म्हटलं, ‘दिसली, अंकल. लावू दे.’

तुम्हाला वाटेल, गावाने या माणसाला डोक्यावर घेतलं असेल. घेतलं तर! पंधरवड्यात बैठक बसली. मयताची विटंबना झाली. फादरांचा खोळंबा झाला. जगभर काळा पडदा दिसला, गावाची अब्रू गेली. आणि हो, हेच ते कार्ड, ज्यापायी गावाचे केक करपले होते. नवीन कार्ड कुणी नाकारलं होतं, हा विषय निघाला नाही. तो काढणार कोण? गरज सरो, वैद्य मरो. स्टेशनच्या पलीकडची एक मोठी व्हिडिओ कंपनी ठरवण्यात आली, ड्रोनसकट. अंकलला शाल आणि पुष्पगुच्छ देऊन ‘आता आराम करा’ म्हणाले. शाल पांघरताना अध्यक्षांचे डोळे भरून आले होते, असं ऐकतो.

मी कायमचा परत आलो तेव्हा सामान टाकून आधी त्याच्याकडे गेलो. ओट्यावर जुना पेपर पसरून तो कार्डाच्या दातांवर खोडरबर घासत बसला होता. चष्मा कपाळावर चढवलेला. जवळचं बघायचं असलं की तो चष्मा वर सरकवायचा, आणि मग शोधत बसायचा. संत अंतोनी खिडकीत उभा होता, डोक्यावर काही नसल्यामुळे जरा मोकळा वाटत होता.

‘अजून उठतेय का म्हातारी?’ मी विचारलं.

‘उठेल. आळस भरलाय तिला.’

‘अंकल, आता कशाला? त्यांच्याकडे नवीन आहे सगळं.’

त्याने दातांवरचा खोडरबरचा चुरा फुंकून टाकला. मग म्हणाला, ‘सगळ्यांनी मला विचारलं, कार्ड कसं गेलं. फादरांनी विचारलं, अध्यक्षांनी विचारलं, रिक्षावाल्यानेसुद्धा विचारलं. मुलाला दिसलं का, हे एकाने विचारलं नाही रे.’ एवढंच बोलला. तक्रार म्हणून त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य. आंटी आतून चहा घेऊन आली आणि त्याने विषय बदलला. मला मात्र तेव्हापासून त्या मनोऱ्यावरचे दिवे बघवत नाहीत.

त्यानंतर तो मयताला शेवटच्या बाकावर बसायचा. वेदीमागच्या खोलीकडे बघायचा नाही. झाकणाच्या वेळी मात्र उठून उभा राहायचा आणि मान उंचावून कॅमेरा कुठे वळलाय ते बघायचा. एकदोनदा मी त्याला स्वतःशी पुटपुटताना पाहिलं. काय पुटपुटत होता ते मला विचारावं लागलं नाही.

यंदा तोही गेला. दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. त्याची मुलगी जॅकलिन आयर्लंडला. तिचे दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. तिने मला फोन केला. ‘विल्सनदादा, लाइव्ह आहे ना?’ मी म्हटलं, आहे. होतंच. सगळं होतं. चर्चच्या अंगणात कंपनीची गाडी उभी होती, आत तीन पडदे, आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये त्यांचं नवंकोरं ग्राफिक्स कार्ड रंग बदलत बसलेलं. त्याला ना फॅन लागत होता ना संत अंतोनी.

मिस्सा झाली. अध्यक्षांनी भाषण केलं, दोन्ही बाजूंनी कॅमेरे लावून. ‘इनास म्हणजे आपल्या गावाचे डोळे,’ म्हणाले. लाज म्हणून काही असते ती देवाने यांना द्यायचीच राहिली. मोनिका आंटी खाली मान घालून बसली होती. मग झाकणाची वेळ झाली आणि माझ्या खिशातला फोन थरथरला.

‘दादा,’ जॅकलिन म्हणाली, ‘पप्पा दिसत नाहीत. झाडं दिसतायत.’

मी बाहेर पाहिलं. ड्रोन वर गेला होता. त्यांना शेवटी वाड्यांचा, मनोऱ्याचा मोठा देखावा हवा होता. चार माणसांनी झाकण उचललं होतं. मी बाकांवरून वाट काढत पुढे गेलो आणि पेटीच्या काठावर हात ठेवला, तिथेच, जिथे त्याने ठेवला होता. दुसऱ्या हाताने फोन त्याच्या चेहऱ्यावर धरला. नेटवर्क नव्हतंच. पडद्यावर गोल फिरत होतं.

कॅमेरावाला पोरगा कानाशी आला. ‘अंकल, जरा फ्रेममधून साइडला व्हा ना. क्लोजिंग शॉट घ्यायचाय.’

अध्यक्ष उठले. ‘विल्सन, अरे पुन्हा तेच?’

‘हो, पुन्हा तेच,’ मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं. ‘त्याच्या मुलीला दिसेपर्यंत थांबायचं. ज्याला घाई आहे त्याने बाहेर जाऊन दिवे बघावेत.’

कुणी गेलं नाही. मी फोनमध्ये विचारलं, ‘जॅकी, दिसतंय का?’ नाही. ‘आता?’ नाही दादा. फादर माझ्याकडे बघत उभे राहिले, पूर्वी त्याच्या मानेकडे बघायचे तसे. ‘आता?’

‘दिसले,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘दादा, पप्पांचा चष्मा कुठे आहे?’

तीन कॅमेरे त्याच्यावर सकाळपासून रोखलेले होते. अख्खं गाव पेटीसमोरून रांगेने जाऊन आलं होतं. आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही हे दिसलं तिला, साता समुद्रापलीकडे, माझ्या फोनच्या फुटक्या चित्रात. मोनिका आंटी उठली. तिने पर्स उघडली. चष्मा तिने स्वतःजवळ ठेवून घेतला होता, आठवण म्हणून. तो पदराने पुसला आणि त्याला लावला. नीट डोळ्यांवर, कपाळावर नव्हे. मग मी हात काढला.

कंपनीने घरच्यांना मयताचं रेकॉर्डिंग दिलंय. आंटीने ते माझ्याकडे आणून दिलं, तिला बघवत नाही म्हणून. मी बघितलं. त्यात यातलं काहीच नाही. त्यात शेवटपर्यंत नारळाची झाडं आहेत, आणि ती फार स्वच्छ दिसतात.